पायरीवरची खडी

पहाटे सहाला दहा कमी असताना खाली फुटपाथवर फावडं ओढल्याचा आवाज आला. खर्रर्र. मग जरा उसंत. मग पुन्हा खर्रर्र. वल्लरीने अर्धवट झोपेत कूस बदलली आणि मनाशी म्हणाली, आले वाटतं खाली नॉयबर्टआजोबा. रात्री बर्फ पडलेला दिसतोय. असं म्हणून तिने रजई गळ्यापर्यंत ओढली आणि मग तिचे डोळे टक्क उघडले.

हेर नॉयबर्टना इस्पितळात जाऊन नऊ दिवस झाले होते.

ती उठून खिडकीशी गेली. दिव्याच्या पिवळ्या उजेडात फुटपाथवर ताजा बर्फ पसरला होता, कुठे रेघ नाही की ओरखडा नाही. माणसाचं सोडा, मांजराचंही पाऊल त्यावर नव्हतं. आवाज थांबला होता. खिडकीची काच इतकी गार होती, की तिला टेकलेलं कपाळ दुखायला लागलं.

"ओपा नॉयबर्ट शिप्ट," मागून आवाज आला. चार वर्षांची ईश्वरी तिच्या छोट्या खाटेवर उठून बसली होती. आजोबा बर्फ काढतायत, एवढंच तिला म्हणायचं होतं. किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागल्यापासून तिला मराठी सगळं समजे, पण तोंडातून निघे ते जर्मनच.

"नाही गं पिल्लू, कोणी नाहीये. झोप."

"दोऽऽख," ईश्वरी म्हणाली. आहेत म्हणजे आहेत. आणि पुन्हा आडवी होऊन झोपून गेली.

मल्हार ड्रेस्डेनच्या उत्तरेला एका संगणकाच्या चिप बनवण्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा. संध्याकाळी त्याला सांगितलं तर तो बूट काढता काढता म्हणाला, "अगं, पलीकडच्या गल्लीत पालिकेचा गाडा फिरत असेल. बर्फात आवाज भलतीकडून येतात."

"ईश्वरीलाही ऐकू आला."

"ईश्वरीला तर फ्रीजमधल्या गाजराचं रडणंही ऐकू येतं." तो हसला. वल्लरीला हसता आलं नाही. नवऱ्याला न सांगितलेली एक गोष्ट नऊ दिवस तिच्या पोटात होती, आणि ती गोष्ट फावडं घेऊन खाली आली होती.

*

त्यांच्या बिल्डिंगमध्ये सहा बिऱ्हाडं. हिवाळा लागला की जिन्यात एक पाटी फिरू लागते. दोरीला टांगलेली, लाकडाची, साधी. ज्याच्या दाराला ती पाटी लटकेल, त्याने त्या आठवड्यात सकाळी सातच्या आत फुटपाथवरचा बर्फ काढायचा, बारीक खडी टाकायची, आणि रविवारी पाटी शेजारच्या दाराला अडकवून मोकळं व्हायचं. कोणी घसरून पडलं, तर पाटी कोणाच्या दारावर होती हे आधी विचारलं जातं. नवीन भाडेकरूला किल्लीबरोबर ही पाटी समजावून सांगतात.

पण पाटी कुठेही लटकत असो, सहाला दहा कमी असताना खाली उतरायचे ते हेर नॉयबर्टच. दुसऱ्या मजल्यावर, वल्लरीच्या बरोब्बर डोक्यावर एकटे राहायचे. वय शहात्तर. बत्तीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस. "पहिल्या ट्रामच्या वेळेला शरीर आपोआप उठतं," म्हणायचे, "मग उगाच छताकडे बघत पडण्यापेक्षा फुटपाथ बघावा." फावडं मारून झालं की बादलीतली खडी मूठमूठ टाकत जायचे, पेरणी केल्यासारखी, आणि वर येऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला बरोबरची खूण करायचे.

हिवाळ्यात सायकल चालवायला वल्लरीला त्यांनीच शिकवलं. पहिल्या वर्षी ती नोव्हेंबर लागताच सायकल तळघरात ठेवायला निघाली होती. नॉयबर्टनी जिन्यातच अडवलं.

"आजारी आहे का?"

"कोण?"

"सायकल."

मग त्यांनी सीट दोन बोटं खाली घेऊन दिली, पाय चटकन जमिनीला लागावा म्हणून. चाकातली हवा थोडी कमी केली. पुढचा ब्रेक विसरून जायचा, वळणावर पायडल मारायचं नाही, ट्रामचा रूळ आडवाच ओलांडायचा, काळा चकाकता रस्ता दिसला की तो ओला आहे असं कधी समजायचं नाही. "हिवाळ्यात ब्रेक हाताने लावायचा नसतो, फ्राउ वल्लरी. तो दहा मीटर आधी डोक्यात लावायचा." बर्फाचा गाडा रस्ता साफ करताना सगळा ढिगारा सायकलच्या पट्ट्यावर ढकलतो, म्हणून ते दरवर्षी पालिकेला एक पत्र लिहीत. पत्राला उत्तर येई, पट्टा तसाच राही, आणि ते पुढच्या वर्षी आणखी एक पत्र लिहीत.

ईश्वरीला त्यांनी पिंग्विन शिकवला होता. बर्फावर चालताना पाय फाकवून, अंग जरा पुढे झुकवून, छोटी छोटी पावलं टाकायची, हात खिशाबाहेर. दोघं फुटपाथवरून डुलत डुलत जायचे, एक शहात्तरचा पिंग्विन आणि एक चार वर्षांचा.

*

आता त्या गुरुवारचं.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. आदल्या दिवशी साताऱ्याहून सासूबाईंचा, चारुलताबाईंचा फोन आला होता. "घट मांडणार आहेस ना गं? पाच पानं कसली मिळतील तिकडे?"

"आयव्हीची आहेत आई, अंगणात."

"चालतील. तिला काय, भाव हवा. आणि उद्या दारात निदान शिंतोडा तरी घाल पाण्याचा. दोन रेघा रांगोळीच्या. कोरड्या दारातून लक्ष्मी येत नाही."

मल्हार साडेपाचलाच कामाला गेला होता. सव्वासहाला, ईश्वरी उठायच्या आत, वल्लरी तांब्या, झाडू आणि लोणच्याच्या बरणीत भरून आणलेली रांगोळी घेऊन खाली गेली. बाहेर उणे आठ. घरासमोरची पायरी वाळूच्या दगडाची, शंभर वर्षांची, मधोमध झिजलेली. तिच्यावर नॉयबर्टनी नुकतीच टाकलेली खडी होती.

खडीवर रांगोळी बसते होय? वल्लरीने खडी झाडून काढली. पायरीवरची झाडली, खालच्या दोन फरश्यांवरची झाडली, आणि सगळी कुंडीमागे लोटली. मग शिंतोडा घातला. पाणी केटलमधलं, उकळतं; गार पाणी गोठेल एवढी अक्कल तिला होती. शिंतोडा पडताच दगडातून वाफ निघाली. अंधारात, दिव्याखाली, पायरीतून अशी दाट पांढरी वाफ वर आली, की वल्लरीला एकदम भरून आलं. माहेरी न्हाणीघरात बंबातलं पाणी काढताना आईचा चेहरा असाच वाफेत दिसेनासा व्हायचा. तिने तांब्यात उरलेलं सगळं पाणी ओतून दिलं. त्यात सासूबाई नव्हत्या, लक्ष्मीही नव्हती. वाफ आणखी एकदा बघायची होती, एवढंच.

मग पायरीच्या कोपऱ्यात, वळचणीखाली, आत येणारी लक्ष्मीची पावलं काढली. चार. तेवढ्यात वरून ईश्वरीची हाक आली आणि ती पळत वर गेली.

सातला दारावरच्या घंटीसारखा एकच आवाज झाला. ती सायकलची घंटी होती. सायकल खाली आपटली तेव्हा वाजलेली. दर गुरुवारी हेर नॉयबर्ट सायकलवरून पोहायला जात. सायकलच्या टायरना खिळे होते. बुटांना नव्हते.

वल्लरी सगळ्यात आधी पोचली. ते फरशीवर कुशीवर पडले होते, चेहरा पांढरा, आणि फरशीकडे बघत होते. ओरडले नाहीत. "बर्फ," एवढंच म्हणाले, नवल वाटल्यासारखं. "इथे बर्फ कसा?"

तिने आपलं जाकीट काढून त्यांच्यावर घातलं. रुग्णवाहिका बोलावली. आणि शेजारपाजारचे यायच्या आत, त्यांचं डोकं तिच्या मांडीवर असताना, तिने पाय लांब करून सपातेने ती पावलं पुसून टाकली. रुग्णवाहिका गेल्यावर कुंडीमागची खडी उचलून पायरीवर, फरश्यांवर नीट पसरली. तळमजल्यावरच्या फ्राउ हेंचेल म्हणाल्या, "किती प्रसंगावधान तुमचं! तुम्ही नसता तर!"

खुब्याचं हाड मोडलं होतं. आणि बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी हळहळून एकच म्हटलं: वय झालं. खडी टाकायला विसरले.

*

पहिल्यांदा ऐकू आला त्या पहाटेनंतरही फावड्याचा आवाज थांबला नाही. रोज येई असं नाही, पण आला की वेळ तीच. वल्लरीने एकदा कानात बोळे घातले. तर तो आवाज उशीतून आला.

मग तिने सोपा उपाय केला. सहाला दहा कमी व्हायच्या आधीच ती उठू लागली, आणि पाटी कोणाच्याही दारावर असो, खाली जाऊन स्वतःच फावडं मारू लागली. स्वतःच्या हातातल्या फावड्याचा आवाज होत असला, की दुसरा येत नसे. खडी टाकताना ती पायरीवर दुप्पट टाकायची, कारण तिथे एक गोष्ट होती जी झाकायला हवी होती. चारातली तीन पावलं पुसली गेली होती. चौथं नव्हतं गेलं. उकळत्या पाण्याबरोबर ती पांढरी भुकटी दगडाच्या छिद्रांत शिरली होती आणि तिथेच गोठली होती. टाच, तळवा, पाच ठिपके. कोपऱ्यातलं वीतभर पाऊल, घराच्या आत येणारं. तिने ब्रशने घासलं, व्हिनेगर टाकलं. दगड ओला असेतो ते दिसेनासं होई, आणि वाळला की पुन्हा वर येई.

"फ्राउ वल्लरी म्हणजे आमच्या घराचा देवदूत," फ्राउ हेंचेल जिन्यात सगळ्यांना सांगायच्या. ते शब्द वल्लरीला मानेवर बर्फ टाकल्यासारखे लागत.

मल्हारने एकदा विचारलं, "तू का रोज जातेस गं? आपला आठवडा नाहीये."

"झोप येत नाही."

"नॉयबर्टची काळजी करतेस होय? बरे होतायत ते. आल्झो, म्हणजे वय आहे, पण दणकट माणूस आहे." आणि तिच्या गार हातांवर फुंकर घालत तो म्हणाला, "तुझा काय दोष त्यात?"

त्याने साधंच विचारलं होतं. तिला सांगता आलं असतं. ती म्हणाली, "चहा टाकते."

*

जानेवारीच्या शेवटी नॉयबर्ट घरी आले. चाकांच्या चौकटीला धरून चालत. आणि मग वरच्या मजल्यावरून नवाच आवाज येऊ लागला. माणसाचा. सकाळी, दुपारी, भांडी घासताना वल्लरीच्या डोक्यावर कोणीतरी हळू, सावकाश, एकसुरात बोले.

"पोस्टप्लात्स. थिएटरप्लात्स. नॉयश्टेटर मार्क्ट. आल्बर्टप्लात्स..."

त्यांच्या जुन्या ट्रामचे थांबे होते ते. शेवटपर्यंत जायचे आणि मग तिथून उलटे परत. मध्येच अडलं की थांबायचे, आणि पहिल्या थांब्यापासून पुन्हा सुरुवात. एकदा एका थांब्याशी ते सात वेळा अडले. वल्लरी नळ बंद करून उभी राहिली. आठव्यांदा ते नाव आलं तेव्हाच तिने नळ पुन्हा सोडला.

ती सूप घेऊन वर जायची. ते "डांके" म्हणून आभार मानायचे, आणि तिच्याकडे न बघता विचारायचे, "आज बुधवार ना? बघा, बुधवार. बरोबर." पत्रं लिहिणं बंद झालं होतं. सायकल तळघरात होती. पिंग्विन शिकवणारा माणूस खुर्चीवरून उठतानासुद्धा आधी पायाखालची फरशी निरखून बघायचा.

एका शनिवारी त्यांची मुलगी आन्के लाइपझिगहून आली, आणि जाताना वल्लरीच्या दाराशी थांबली. पन्नाशीची, थकलेली बाई. हातात एका वृद्धाश्रमाचं पाकीट.

"जागा मिळतेय. मार्चपासून. बाबा नाही म्हणतात. म्हणजे, सरळ नाहीही म्हणत नाहीत. ते म्हणतात, मी खडी टाकली होती हे मला स्वच्छ आठवतंय. आणि बर्फ तर होता. मग मीच म्हणते, बाबा, म्हणूनच! जे घडलं नाही ते तुम्हाला स्वच्छ आठवायला लागलंय. उद्या गॅस बंद केल्याचं आठवेल." तिने डोळे पुसले. "तुमचं ऐकतील ते. तुमच्यावर फार जीव आहे त्यांचा. तुम्ही जरा समजावाल का? हळूच. की विसरलात तुम्ही, आणि विसरण्यात लाज नाही."

"मी?" वल्लरी म्हणाली.

"तुम्हीच तर होतात तिथे."

आन्के जिना उतरत असताना ईश्वरी वल्लरीच्या कुशीतून डोकावत होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिच्या परीने लावलेला अर्थ विचारला: "मामा, हाट ओपा डेन पिंगुइन फेरगेसन?"

आई, ओपा पिंग्विन विसरले का?

"नाही," वल्लरी म्हणाली. "ओपा काहीच विसरले नाहीत."

*

तिने आधी साताऱ्याला फोन लावला. का कोण जाणे. कदाचित मराठीत एकदा म्हणून बघायचं होतं. चारुलताबाई भाजी निवडत होत्या. वल्लरीने सगळं सांगितलं, तांब्या, झाडू, वाफ, सपाता. पलीकडे मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज थांबला.

"अगं, मला कुठे ठाऊक, पाण्याचं लगेच असं होतं ते," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, सासूने सांगितलं म्हणून केलं. माझं नाव घाल. मी काय, इतक्या लांब. मला कोण विचारायला येतंय!"

"नाही आई. तुम्ही शिंतोडा म्हणाला होतात. तांब्या मी ओतला."

"मग तसंच सांग." त्यांचा आवाज मऊ झाला. "सांगून ये आधी. त्या म्हाताऱ्याच्या घरात दिवसाढवळ्या अंधार करून ठेवलायस तू. आणि ऐक, मल्हारला आधी सांग. नवऱ्याला शेवटी कळलं की ते लोक फार दुखावतात. मला अनुभव आहे."

मल्हारला सांगितलं तेव्हा तो एकदम उठून उभा राहिला. "वेडी आहेस का? दोन महिने?" मग खाली बसला. "त्यांची मुलगी वकील करेल. इन्शुरन्सवाले येतील. बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही." शेवटी म्हणाला, "मी येऊ बरोबर?"

"नको. तू ईश्वरीला सांभाळ."

*

वर दार उघडंच होतं. नॉयबर्ट स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. समोर मागच्या वर्षीचं कॅलेंडर, डिसेंबरचं पान. ती काही बोलायच्या आत त्यांनीच बोट ठेवलं.

"ही बघा खूण. गुरुवारची. मी खूण वर आल्यावर करतो, आधी नाही. पण आन्के म्हणते, सवयीने केली असेल. असेल." त्यांनी मान वर केली. "तुम्ही त्या दिवशी मी पोहायला निघायच्या आधी खाली गेला होतात का हो? तुमच्या दाराचा आवाज ऐकल्यासारखं वाटतंय. की तेही मला उगाचच आठवतंय?"

"गेले होते," वल्लरी उभ्यानेच म्हणाली. "सव्वासहाला. पायरीवर खडी होती. मी ती झाडून काढली. आणि वर पाणी ओतलं."

त्यांनी कॅलेंडरवरचं बोट उचललं.

"पाणी," नॉयबर्ट म्हणाले. "किती?"

"एक तांब्या. लिटरभर."

"गार?"

"उकळतं."

"उकळतं फार दूरवर पसरतं. पातळ थर. काचेसारखा, दिसतसुद्धा नाही. सगळ्यात वाईट." ते ट्रामच्या बिघाडाबद्दल बोलावं तसं बोलत होते. "आणि खडी? माझी खडी?"

"कुंडीमागे लोटली होती."

"म्हणजे होती."

"होती."

"किती होती?"

"भरपूर होती, हेर नॉयबर्ट. झाडूला जड लागली. कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत टाकली होती तुम्ही."

"पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा तिने डिसेंबरच्या पानाकडे बघून सांगितलं, आणि त्यांनी त्या खुणेवर तळहात झाकून ठेवला, वाऱ्याने उडेल की काय असा.

"का?" मग त्यांनी विचारलं.

तिने लक्ष्मीचं सांगितलं. ओल्या दाराचं, पावलांचं. वाफेचंही सांगितलं, कारण तेच खरं होतं. जर्मनमध्ये ते फार येडबंबू वाटत होतं. उणे आठमध्ये दारात पाणी ओतून एका देवीला घरात बोलावणारी बाई.

"आणि तुम्ही गप्प बसलात," ते म्हणाले. "सूप आणत होतात आणि गप्प बसत होतात." त्यांचा आवाज चढला नाही. "हाड मोडलं त्याचं काय एवढं. हाडं मोडतात. पण तुम्हाला ठाऊक आहे का, इस्पितळात असल्यापासून रोज पहाटे मी झोपेत खाली उतरतोय? रोज. सगळा फुटपाथ साफ करतो. फावड्याचा आवाज मला ऐकू येतो. पायरीपाशी येतो, बादलीत हात घालतो, आणि मूठ रिकामी होती की भरलेली ते कळायच्या आत जाग येते."

"किती वाजता?" तिने विचारलं, जरी तिला ते विचारायची गरज नव्हती.

"पहिल्या ट्रामची वेळ. सहाला दहा कमी."

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. सगळं सांगून टाकायला आलेल्या बाईलाही आता जे सांगायचं होतं त्याला तोंड फुटेना. मी ऐकत होते. तुम्ही येत होतात. माझ्या मुलीनेही ऐकलं.

"जा तुम्ही आता," नॉयबर्ट म्हणाले. "आणि काही दिवस सूप आणू नका."

*

आन्केला तिने त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. आन्के खूप बोलली, त्यातलं निम्मं वल्लरीला समजलं नाही आणि उरलेलं निम्मं तिच्या वाट्याचंच होतं. पुढच्या शनिवारी ती आली, तेव्हा वल्लरीने तिला पायरीच्या कोपऱ्यातली खडी हाताने बाजूला करून ते पाऊल दाखवलं. आन्के उकिडवी बसून बघत राहिली. मग हातमोजा काढून तिने त्या पाच ठिपक्यांवरून बोट फिरवलं, जसं काही ते बाळाच्या पायाचे आहेत. उठून वर गेली. तासाभराने उतरली तेव्हा वृद्धाश्रमाचं पाकीट तिच्या पिशवीतून डोकावत होतं, कोरं, जसंच्या तसं परत निघालेलं. वल्लरीला तिने निरोपाचं "वीडरझेन" म्हटलं नाही.

फ्राउ हेंचेल आता जिन्यात देवदूत म्हणत नव्हत्या. नुसती मान हलवायच्या. रविवारी पाटी वल्लरीच्या दाराला अडकवून कोणीतरी गेलं, तिची पाळी नसताना. मल्हार काढायला निघाला, तर ती म्हणाली, "राहू दे."

त्या रात्री भरपूर बर्फ पडला. वल्लरीने साडेपाचचा गजर लावला होता, पण कित्येक आठवड्यांची झोप अंगावर कोसळली असावी. तिला जाग आली ती आवाजाने.

खर्रर्र. उसंत. खर्रर्र.

ती अंथरुणात ताठ झाली. सगळं सांगून झालं होतं. मग अजून का? शेजारी ईश्वरीची खाट रिकामी होती. मुलगी खिडकीशी स्टुलावर उभी होती, नाक काचेला चिकटवून.

"ईश्वरी, ये इकडे. कोणी नसतं तिथे."

"आहेत," ईश्वरी म्हणाली. मराठीत. मागे न बघता.

वल्लरी खिडकीशी गेली. दिव्याखाली चाकांची चौकट उभी होती. तिच्यावर एक हात, आणि दुसऱ्या हाताने आखूड दांड्याचं फावडं ओढणारे हेर नॉयबर्ट. जुना ट्रामवाल्यांचा कोट, कानटोपी, तोंडातून वाफ. पाय फाकवून, अंग जरा पुढे झुकवून, छोटी छोटी पावलं. फुटपाथची रेघ वेडीवाकडी निघाली होती, अर्धा बर्फ जागीच राहिला होता. पण मागे त्यांच्या बुटांचे ठसे होते, आणि चाकांचे दोन चरे होते, खोल, स्पष्ट.

ते पायरीपाशी आले. फावडं भिंतीला टेकवलं. बादलीत हात घातला, आणि तिथेच थांबले. बराच वेळ. मग त्यांनी मूठ बाहेर काढून डोळ्यांजवळ नेली, उघडली, पाहिली, आणि खडी पायरीवर टाकली. दुसरी मूठ. तिसरी, कोपऱ्यात. मग ते वळले आणि त्यांनी वर पाहिलं, सरळ तिच्या खिडकीकडे. हसले नाहीत. फक्त बोटाने पायरी दाखवली आणि वाट बघत राहिले.

वल्लरीने खिडकी उघडली. थंडी घरात घुसली.

"दिसतेय का?" त्यांनी खालून विचारलं.

"हो," ती म्हणाली. "खडी आहे. मी बघितली."

"किती?"

"भरपूर. कोपऱ्यापर्यंत."

"गेनाऊ, अगदी बरोबर," हेर नॉयबर्ट म्हणाले, आणि कॅलेंडरवर खूण करायला चौकटीला धरून सावकाश वर यायला निघाले. वल्लरी कोट चढवून, राहिलेला बर्फ काढायला खाली गेली. पायरी उतरताना तिने कोपऱ्यातल्या त्या पावलावर पाय पडू दिला नाही.